पोटात कसंतरी होतंय

रविवारी सकाळी बाथरूममधून आरडाओरडा यायचा आणि मी हॉलमध्ये पेपर वाचत बसलेला असायचो. आत आईने नातवाला स्टुलावर बसवलेलं असायचं, वाटीत बेसन, हळद आणि चमचाभर दही कालवलेलं, आणि ते घेऊन ती त्याची मान घासायची. "केवढी ही मळाची पुटं! अंघोळ करतोस की नुसता नळाखाली उभा राहून येतोस?" आणि तो, "आजी दुखतंय, आजी अगं मळ नाहीये तो." हा कार्यक्रम दोन-तीन महिने तरी चालला असेल. आधी साबण झाला, मग लिंबाची फोड, मग सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून बटाट्याची चकती. मान काही उजळली नाही.

पुढे खोकल्यासाठी म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे गेलो तर मॅडमनी स्टेथोस्कोप लावायच्या आधीच त्याची कॉलर मागे ओढली, मान बघितली, मग हात वर करायला लावून काखा बघितल्या. म्हणाल्या, हा मळ नाही. ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स असं लांबलचक नाव आहे त्याला, शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढत जातं आणि मानेच्या, काखेच्या घड्यांमधली कातडी अशी जाड, काळपट, मखमलीसारखी होते. मग वजनकाटा. वय दहा, उंची १४० सेंटीमीटर, वजन ४८ किलो. मॅडमनी तक्ता काढला, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा २०१५ सालचा, त्यात मोठ्या माणसांच्या २३ आणि २७ बीएमआयला (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) जुळणाऱ्या रेषा मुलांच्या वयाप्रमाणे आखलेल्या असतात (बाहेरच्या तक्त्यांत त्या २५ आणि ३० धरतात, पण आपल्याकडे तेवढ्याच वजनाला अंगात चरबी जास्त असते म्हणून आपली रेघ खाली). पोराचा ठिपका वरच्या, म्हणजे लठ्ठपणाच्या, रेघेच्याही वर गेला.

मला तो ठिपका धड दिसतच नव्हता. डोक्यात एकच घुमत होतं, पोरगं सांगत होतं मळ नाहीये, आणि आपण घासत होतो.

बरं, मी तयारीचा गडी, तो काय काय खातो याची यादी घडाघडा म्हणून दाखवली. वेफर्स, बिस्किटं, शनिवारी पिझ्झा, मॅगी तर असतेच. मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, काय खातो ते कळलं, कधी खातो? आणि खायच्या आधी काय झालेलं असतं? मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. दहा वर्षं एका घरात राहतोय आम्ही तिघं-चौघं, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

गृहपाठ मिळाला. शंभर पानी वही घ्यायची, चार रकाने पाडायचे. वेळ, काय खाल्लं, भूक किती होती, आधी काय घडलं. आणि एक अट, फक्त पोराचं लिहायचं नाही, घरातल्या सगळ्यांचं लिहायचं, नाहीतर त्याला वाटेल घरात पोलीस चौकी उघडली. ही अट तेव्हा मला उगीचची वाटली होती.

वही बायकोनेच लिहिली पहिले दोन आठवडे, मी काय, रात्री साडेनऊला डोंबिवलीला उतरणारा माणूस. तिसऱ्या शनिवारी ती वही मी पहिल्यांदा उघडून नीट वाचली. सोमवार, ४.५०, ग्लुकोज बिस्किटांचा अख्खा पुडा, भूक माहीत नाही, आधी: शाळेतून आला, आजी झोपलेली, मी ऑफिसात. बुधवार, ९.४०, दोन वडापाव, भूक नव्हती, जेवण झालेलं. आधी: बाबा लवकर येऊन क्रिकेट खेळणार होता, आला नाही. हे वडापाव मीच स्टेशनवरून आणलेले. शनिवार, ७.२०, तीन बेसनाचे लाडू, एकामागून एक. आधी ह्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती आणि त्या रेघेच्या खाली नंतर कधीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, "आपलं भांडण. दार बंद होतं."

दार बंद होतं म्हणजे आमच्या बेडरूमचं. आम्हाला वाटायचं आवाज बाहेर जात नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून फोनवर वाचत बसलो आणि एका बाईंपाशी येऊन थांबलो. हिल्डे ब्रुख. जर्मनीतल्या ज्यू बालरोगतज्ज्ञ, हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडला, १९३४ मध्ये अमेरिकेत पोचल्या आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये लठ्ठ मुलांचा अभ्यास करायला लागल्या. तेव्हा डॉक्टरांचं मत असं की पोरगं जाड म्हणजे त्याच्या ग्रंथीत बिघाड. ब्रुखबाईंना बहुतेक मुलांच्या ग्रंथी ठणठणीत सापडल्या. मग त्या मुलांच्या घरांकडे वळल्या. ह्यातली बरीच घरं युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरितांची होती, स्वतः उपाशीपोटी वाढलेल्या आया, आणि आता परदेशात का होईना पण ताटात वाढायला आहे, तर वाढा. पुढे काही वर्षांनी त्यांनी जे मांडलं ते मी तीनदा वाचलं. तान्हं मूल रडतं तेव्हा त्याला स्वतःलाच कळत नसतं की ही भूक आहे, थंडी आहे, भीती आहे की नुसतं कुणीतरी जवळ हवंय. मोठं माणूस ते ओळखून योग्य ते देतं, आणि असं हजारदा झालं की मूल हळूहळू शिकतं, अच्छा, ह्याला भूक म्हणतात, ह्याला झोप म्हणतात. पण प्रत्येक रडण्याला उत्तर म्हणून तोंडात खाणंच गेलं तर मूल एकच गोष्ट शिकतं, आत काहीही झालं तरी त्याचं नाव भूक. म्हणजे भूक ओळखणंसुद्धा शिकवावं लागतं! हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं ती तर जन्मतः येते.

आणि हे वाचताना मला आपली मराठी आठवली. आपण सगळं पोटात ठेवतो हो. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो. वाईट बातमीने पोटात धस्स होतं, खड्डा पडतो. दुसऱ्याचे हाल बघून पोटात तुटतं, कालवतं. चुका पोटात घालायच्या, माया पोटात असते, बोलायचं ते पोटतिडकीने. आणि भूक लागली की पोटात कावळे. आता मला सांगा, सहा वर्षांचं पोरगं येऊन म्हणतंय, "पोटात कसंतरी होतंय," तर ह्यातलं नेमकं काय होतंय त्याला? आमच्या घरात ह्या वाक्याला ठरलेलं उत्तर होतं. भूक लागली असेल, खाऊन घे काहीतरी.

हे उत्तर आईचं, आणि तिच्यावर चिडायच्या आधी तिचं थोडं सांगतो. आई नगर जिल्ह्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती, म्हणजे आज माझं पोरगं जेवढं आहे तेवढीच. घरची मोठी माणसं खडी फोडायला, नालाबंडिंगला जायची, लहान पोरं मागे मागे. कामावर सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळायचं आणि रेशनला ती लाल मिलो ज्वारी, अमेरिकेतून आलेली, जिच्या भाकरीला चव नव्हती असं त्या पिढीतला प्रत्येक माणूस सांगतो. आई म्हणते, वाट्याची सुकडी ती सगळी खायची नाही, परकराच्या ओच्यात बांधून धाकट्या भावासाठी लपवून आणायची. अशा बाईला नातू झाला, तो सहा महिन्यांत गुटगुटीत झाला, आणि तिने त्याचं नाव ठेवलं लाडू. बाळसं धरलंय असं म्हणताना तिच्या तोंडावर जे यायचं ते मी कुठल्याही तक्त्यात बसवू शकत नाही. तिला तुम्ही काय सांगणार, कॅलरी?

(ह्या बाळश्याचीही एक गंमत आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखलेली. बारीक दिसणारं पण आतून चरबी धरून असलेलं बाळ. म्हणजे आपल्याकडचं हाडकुळं मूल पुढे गुटगुटीत करायच्या नादात नेमकं काय वाढतं, हा प्रश्नच आहे. आणि दोन्ही टोकं एकाच देशात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, आणि वजन जास्त असलेली २.१ टक्क्यांवरून ३.४ वर गेलेली. असो.)

तर आईचं उत्तर दुष्काळातून आलेलं. माझं कुठून आलं? माझे वडील गिरणीतून सुटून आल्यावर कधीकधी फार ओरडायचे, त्यांच्या गिरणीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा आम्हाला काही कळत नव्हतं. हात उचलायचे नाहीत, पण आवाज असा की शेजारचे दार लावून घ्यायचे. आणि ज्या दिवशी असं ओरडणं व्हायचं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वर्तमानपत्रात बांधलेली कांदा भजी आणायचे. कागदाला तेल फुटलेलं, आत एक-दोन मिरच्या. पुडी माझ्यासमोर ठेवायचे आणि खिडकीकडे बघत बसायचे. उभ्या जन्मात त्या माणसाने सॉरी म्हटलं नाही, भजी आणली. मला ती भजी कळायची, आणि मला आजही मन खाली गेलं की तळणीचा वास हवासा वाटतो, हे मी ही वही हातात येईपर्यंत कशाशीच जोडलं नव्हतं. मग मी बाप झालो आणि लवकर यायचं कबूल करून उशिरा आलो की हातात पिशवी. आपल्याकडे खाऊ हा शब्द किती गोड आहे, पाहुण्याने आणायचा, बक्षीस म्हणून द्यायचा, रडणं थांबावं म्हणून द्यायचा. माझ्या पिशवीतला खाऊ म्हणजे दंडाची पावती होती. मी भरायचो, तो खायचा, हिशोब मिटला.

ह्या सगळ्याला एक इंग्रजी शब्द आहे, अलेक्झिथायमिया. १९७० च्या दशकात बॉस्टनमधल्या पीटर सिफ्नियोस नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने तयार केला, मूळ ग्रीक, अर्थ साधारण असा की भावनांना शब्द नाहीत. भावना नसतात असं नाही बरं का. छाती धडधडते, डोकं दुखतं, जेवण जात नाही किंवा जरा जास्तच जातं, पण हे काय आहे असं विचारलं तर माणूस म्हणतो काही नाही, ॲसिडिटी. ती मोजायला टोरोंटोत बनवलेली वीस प्रश्नांची एक फूटपट्टी आहे. मी ती लोकलमध्ये उभ्याउभ्या भरली, एका हाताने वरची कडी धरून. अस्वस्थ झाल्यावर आपण दुःखी आहोत, घाबरलोय की चिडलोय हे कळत नाही, अशा धर्तीची वाक्यं, आणि एक ते पाच गुण. ६१ आणि वर असेल तर अलेक्झिथायमिया म्हणतात. माझे ५८ आले. काठावर पास. किंवा नापास, जे काय असेल ते.

आई-बापाला स्वतःच्या आतलं वाचता येत नसेल तर मुलाच्या आतलं कसं वाचणार, हा अंदाज घेऊन संशोधकांनी आयांची अशी मोजणी करून मुलांच्या वजनाशी ताडून बघितलीये. आयांचीच जास्त करून, बापांना कोण विचारतो. ह्यावर माझी खरी तक्रार आहे. ब्रुखबाईंच्या लिखाणातही आईवर फार रोख आहे, आणि तो काळच तसा होता, पोराचं काहीही बिघडलं की आईला पकडा. १९८६ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड ह्या अमेरिकन संशोधकाने डेन्मार्कमधल्या दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास छापला तेव्हा त्यांची अंगाची ठेवण जन्मदात्या आईबापांशी जुळली, वाढवणाऱ्यांशी नाही. म्हणजे आनुवंशिकता तगडी आहे, माझ्या वडिलांचं पोट, माझं पोट आणि लेकाचं पोट हा काही नुसता भज्यांचा इतिहास नाही. आणि आमच्या सोसायटीत खेळायला जागा म्हणाल तर पार्किंगच्या दोन गाड्यांमधली फट, शाळा सुटल्यावर क्लास, क्लासच्या दारात दहा रुपयांची पाकिटं लटकलेली. राज्य सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या कँटीनमधून जंक फूड काढायला सांगितलं, चांगलं केलं, पण गेटच्या बाहेर पाच पावलांवर हातगाडी आहेच. तेव्हा सगळं खापर आईबापाच्या भावनांवर फोडणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहीन. पण जीन्स माझ्या हातात नाहीत, पार्किंग माझ्या हातात नाही, हातातली पिशवी माझ्या हातात होती.

आता माझा मूर्खपणा सांगतो. वही वाचून एवढं सगळं कळल्यावर एखाद्याने काय केलं असतं? मी कपाटाला कुलूप लावलं. किचनमधलं वरचं कपाट, त्यात बिस्किटं, फरसाण, लाडूंचा डबा, आणि किल्ली माझ्या पाकिटात. आईसुद्धा मला बघत राहिली. पुढचे तीन आठवडे वहीत एकदम शिस्त, मी खूश. मग एका सुट्टीत पंखा साफ करायला म्हणून पलंग सरकवला तर मागे भिंतीच्या कडेला रॅपर. चॉकलेटचे, वेफर्सचे, केकचे, एकेक नीट चपटा करून घडी घातलेला, एकवीस निघाले. पैसे कुठून आणले तर आजीने मंदिरात टाकायला दिलेली नाणी. मी रागाने बोलवायला तोंड उघडलं आणि त्या घड्या बघून मला काहीच बोलवेना. एवढ्या निगुतीने माणूस कशाची घडी घालतो? लाज वाटते त्याचीच घालतो.

नंतर कळलं की ह्याच्यावर प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिअन बर्च आणि त्यांच्याबरोबरच्या जेनिफर फिशर ह्यांनी १९९९ मध्ये छापलेला. बालवाडीच्या वयाची मुलं, समोर खाऊ दोन, दोन्ही साधारण सारखेच आवडणारे, पण एक पारदर्शक बरणीत ठेवलेला, दिसतोय पण हात लावायचा नाही. थोड्या वेळाने बरणी उघडली की मुलं त्याच्याबद्दलच बोलणार, तोच मागणार, तोच घेणार. कुलपाने खाऊची किंमत वाढते. हे कळायला प्रयोगाची काय गरज म्हणा, आपल्या कुठल्याही आजीने शिंकाळ्याकडे बघून सांगितलं असतं. पण मला गरज होती.

कुलूप निघालं. मॅडमनी दुसरा नियम दिला, एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञांचा आहे म्हणे, की काय, कधी आणि कुठे हे आईबापाने ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. सोपा वाटतो ना? करून बघा. एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत वाढलेली माणसं आपण, चिऊ-काऊचं पोट भरलं की नाही ते आपण ठरवणार! पहिल्या दिवशी त्याने अर्धी पोळी ताटात ठेवून हात धुतला तेव्हा आईचा चेहरा असा झाला की मीच ती अर्धी पोळी उचलून खाल्ली. तेही वहीत आलं.

आणि मग तो गुरुवार. बायको साडेसातलाच निघालेली, मला ८.१२ ची फास्ट पकडायची, पोरगं दारात बूट घालून उभं आणि म्हणतं, "बाबा, पोटात कसंतरी होतंय." आतून आईचा आवाज, "उपाशी असेल, लाडू दे हातात." आणि खरंच सांगतो, माझा हात आपोआप डब्यात गेला, लाडू काढला, त्याच्यासमोर धरला, तो घ्यायला हात पुढे करतच होता. का कोण जाणे, त्या रॅपरच्या घड्या डोळ्यासमोर आल्या. मी लाडू शू-रॅकवर ठेवला आणि खाली लादीवर बसलो, त्याच्या उंचीला.

"कसंतरी म्हणजे कसं?"

खांदे उडवले. मी गप्प. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे राग असतो, म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "रागावलो नाहीये, खरंच विचारतोय." घड्याळात ७.५८.

मग तो बुटाकडे बघत म्हणाला, "तुला जेवताना ऑफिसचा फोन येतो ना, मग तू स्क्रीनवर नाव बघतोस, तेव्हा तुझं तोंड होतं ना, तसं. आतून."

मला काय बोलावं कळेना. वीस प्रश्नांची फूटपट्टी भरून मला जे कळलं नव्हतं ते ह्या पोराने जेवणाच्या ताटावरून वर बघत बघत केव्हाच टिपलेलं. त्या फोनच्या वेळी मला काय होतं, असं तुम्ही मला विचारलं असतं तर मी टेन्शन म्हणालो असतो. ते टेन्शन नाही. ती भीती आहे, सरळ सरळ शाळकरी भीती, आता आपल्याला सगळ्यांसमोर बोलणार.

हळूहळू निघालं. त्या दिवशी शाळेत वजन-उंची होती, दर सहामाहीला असते. पोरं रांगेत उभी करतात आणि आकडा मोठ्याने पुकारतात, लिहून घेणारा लांब बसलेला असतो म्हणून. मागच्या वेळी ह्याचा आकडा पुकारल्यावर मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्या वर्गाने वाजवल्या. "आणि बाबा, मला घरी पण लाडू नको म्हणूस." हे त्याने त्याच दमात सांगितलं.

मी काय शहाणपणाचं बोललो असेन असं वाटत असेल तर तसं काही नाही. मी म्हटलं, "मला पण नाही आवडत तो फोन. भीती वाटते." तो म्हणाला, "तुला?" आणि पहिल्यांदा वर बघितलं. मग आम्ही चालत शाळेत गेलो, बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की आकडा पुकारू नका, त्यांनी ऐकलं, त्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटलं, आमच्या तरी कुठे आलं होतं. मी ९.०५ च्या स्लोने गेलो. लाडू शू-रॅकवरच राहिला, संध्याकाळी आईला मुंग्यांची रांग दिसली तेव्हा आठवण झाली.

त्यानंतर काय झालं तर घरात शब्द वाढले. आधी आमच्याकडे दोनच होते, भूक आणि टेन्शन, फार तर मूड ऑफ. आणि गंमत म्हणजे खरा साठा निघाला आईकडे. मी तिला टाळ्यांची गोष्ट सांगितली तर चटकन म्हणाली, "कानकोंडं झालं असेल रे लेकराला." कानकोंडं! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. मग विचारत गेलो तसे निघत गेले, हिरमुसणं वेगळं, रुसणं वेगळं, खट्टू होणं म्हणजे अगदी थोडंसं, ओशाळणं, धास्ती, हुरहूर, घुसमट, जीव कासावीस होणं. सगळे शब्द ह्या बाईकडे होते, फक्त ते तिला कधी कुणी विचारले नव्हते, दुष्काळात कोण विचारणार. एकदा पोराने तिला विचारलं, आजी तू सुकडी लपवायचीस तेव्हा तुला काय वाटायचं? ती बराच वेळ कोथिंबीर निवडत राहिली. मग म्हणाली, "चोरी केल्यागत." तो म्हणाला, "मला पण." ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मी आत जाऊन विनाकारण पाणी प्यायलो.

वजनाचं विचाराल तर कुठलाही चमत्कार नाही. आठ महिन्यांत वजन ४८ चं ४९ झालं आणि उंची पाच सेंटीमीटर वाढली, ह्या वयात असंच उतरतं म्हणे, वजन रोखून धरायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. मॅडम खूश. मान थोडी निवळलीये, अजून काळी आहे. आई आता तिथे खोबरेल लावते, घासत नाही. संध्याकाळी सायकल असते, आठवड्यातून चार दिवस, बाकीचे तीन दिवस कंटाळा. बिस्किटाचा पुडा अजूनही कधीतरी एका बैठकीत संपतो. आणि सगळ्या भावना बोलून दाखवायला लागला म्हणजे घरात शांतता आली असंही नाही, उलट आता भांडतो, "मला भूक नाहीये, मला राग आलाय" असं म्हणून दार आपटतो. दाराची कडी दोनदा बदलली.

मी मात्र पिशवी आणायची सोडली. सोडली म्हणजे, वडापाव आणतो, पण बुधवारी, ठरवून, जेवणाच्या ऐवजी, आणि सगळे मिळून खातो. उशीर झाला तर रिकाम्या हाताने येतो आणि दारात उभं राहून म्हणतो की मी कबूल केलं होतं आणि मी आलो नाही. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीभ अक्षरशः जड झाली होती, वडिलांना भजी का आणावी लागायची ते तेव्हा कळलं. भजी आणणं फार सोपं आहे ह्याच्यापेक्षा.

वही अजून चालू आहे, आता तीच लिहायची पाळी लेकाकडे आहे, त्याचं अक्षर आणि त्याचं शुद्धलेखन. परवा रात्री कपाटाशी उभा राहून मी काहीतरी चघळत होतो, हॉलमधला दिवा बंद होता, मला वाटलं सगळे झोपलेत. सकाळी चहा घेताना वही टेबलावर उघडीच होती.

"मंगळवार, १०.१५. बाबा. फरसाण, वाटी नाही, डब्यातूनच. भूक: नव्हती, जेवला होता. आधी: तोच फोन. उद्या विचारायचं."